फोन हाती येण्याआधी

सातबाऱ्यातल्या बारा नंबरावर यंदा कोणते पीक उभे आहे, हे लिहिण्याचे काम पिढ्यान् पिढ्या तलाठ्याकडे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातला शेतकरी ती नोंद स्वतः करू लागला. ई-पीक पाहणीचे अ‍ॅप उघडायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने घडलेले हे अ‍ॅप राज्यभर पोहोचण्याआधी काही मोजक्या तालुक्यांत वापरून पाहिले गेले. नागपूर जिल्ह्यातला कामठी तालुका त्यांपैकी एक होता. कामठी म्हटले की लोकांना १८२१ सालची छावणी आठवते, विड्यांचे कारखाने आठवतात, अलीकडे ड्रॅगन पॅलेसचे बुद्धविहार आठवते. मोबाइल अ‍ॅपच्या इतिहासातला हा छोटा पण खरा वाटाही त्यांच्या बरोबरीने आठवला जावा, असे मला मनापासून वाटते.

अशा अ‍ॅपला काय काय सोसावे लागते, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. फोन कोणाचा सहा वर्षांपूर्वीचा, कोणाचा मुलाने वापरून आईला दिलेला. तालुक्यातल्या वडोद्याच्या शिवारात नेटवर्क येते आणि जाते. फोनची भाषा कोणाची मराठी, कोणाची हिंदी, कामठी शहरातल्या विणकर मोहल्ल्यात कोणाची उर्दू. नोंद भरता भरता मध्येच जावयाचा फोन येतो. या सगळ्या प्रसंगांतून अ‍ॅप सुखरूप निघेल की नाही, हे ते लिहिणाऱ्याला आधी कळावे कसे? प्रत्येक प्रकारचा फोन विकत घेणे कोणाला परवडणारे नाही आणि प्रत्येक शिवारात जाऊन बसणेही शक्य नाही. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे अ‍ॅपनिर्मितीची मांडणी, म्हणजेच डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट, आणि तिच्यातला एम्युलेटर, म्हणजे संगणकावर उभी केलेली फोनची नक्कल. पुढची पाने त्याच विषयाला वाहिलेली आहेत.

प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत हा विषय बहुधा दोन पानांत उरकतात. अमुक फाइल उतरवा, तमुक बटण दाबा, झाले. विद्यार्थी मात्र नेमका याच दोन पानांत हरतो. कोटलिन किंवा जावा ही भाषा त्याला अवघड वाटत नाही. भाषेपर्यंत तो पोहोचतच नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरांत एक लांबलचक संदेश येतो, आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून तो संगणक मिटतो. कामठीच्या विणकराने मागावर ताणा नीट लावला नसेल तर पुढची विणाई कितीही कसबी असली तरी कापड धड उतरत नाही, आणि ताणा लावणे हा विणकामाचाच भाग आहे, त्याच्या आधीची कटकट नव्हे. अ‍ॅपच्या मांडणीकडेही तुम्ही याच नजरेने पाहावे, एवढी माझी पहिली विनंती आहे.

जे यंत्र हाती नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या यंत्रावर काम करण्याची कल्पना फोनपेक्षा फार जुनी आहे. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी संगणकमालिका जाहीर केली तेव्हा ग्राहकांपुढे मोठी चिंता होती, की १४०१ सारख्या जुन्या यंत्रांसाठी वर्षानुवर्षे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे काय होणार? नव्या यंत्राने जुन्याची हुबेहूब वागणूक धारण करावी, अशी सोय आयबीएमने करून दिली आणि ती चिंता मिटली. पुढची गोष्ट १९७५ ची आहे. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांना अल्टेअर ८८०० या संगणकासाठी बेसिक भाषा लिहायची होती, पण त्यांच्यापाशी अल्टेअर नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातल्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर अ‍ॅलनने अल्टेअरच्या ८०८० प्रोसेसरची नक्कल उभी केली आणि त्या नकलेवर दोघांनी काम पुरे केले. अ‍ॅलन ते घेऊन अल्बुकर्कला गेला. खऱ्या अल्टेअरवर त्यांची बेसिक पहिल्यांदा चालली ती तिथे.

अँड्रॉइडचा जन्म तर या परंपरेतलाच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचा साधनसंच, म्हणजे एसडीके, गूगलने नोव्हेंबर २००७ मध्ये खुला केला आणि त्यात एम्युलेटर होता. पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला ऑक्टोबर २००८ मध्ये. मधले जवळजवळ वर्षभर जगभरातल्या हौशी लोकांनी अ‍ॅप लिहिली ती पडद्यावरच्या, हातात धरता न येणाऱ्या फोनसाठी. त्या एम्युलेटरच्या पोटात क्यूएमू नावाचे मुक्त सॉफ्टवेअर होते, आणि आजही आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. कामठीजवळच्या येरखेड्यातल्या किंवा रनाळ्यातल्या एखाद्या मुलीकडे आज चांगला फोन नसेल, तर तिने हा इतिहास जरूर लक्षात ठेवावा. अँड्रॉइडच्या पहिल्या प्रोग्रॅमरांपैकी बहुतेकांकडेही तो नव्हता.

आता मांडणीच्या घटकांकडे वळू. मध्यभागी असते अँड्रॉइड स्टुडिओ. इथेच प्रोग्रॅम लिहायचा, तपासायचा, चालवायचा. आधीची काही वर्षे एक्लिप्स नावाच्या अशाच साधनावर काम चाले. गूगलने मे २०१३ मध्ये जेटब्रेन्स या कंपनीच्या इंटेलिजे आयडियावर आधारलेला स्टुडिओ जाहीर केला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. त्याच्यासोबत एसडीके येते, जावाचा संच येतो, आणि ग्रेडल येते. ग्रेडल तुमच्या लिखाणातून फोनवर बसवता येईल असे अ‍ॅप बांधते. त्याला लागणारी परकी सामग्री, म्हणजे लायब्ररी, ते इंटरनेटवरून स्वतः आणते. म्हणून पहिले बिल्ड, म्हणजे पहिली बांधणी, फार वेळ घेते. नवशिका इथे घाबरतो, संगणक अडकला असे समजून मध्येच बंद करतो आणि अर्धवट उतरलेल्या फायलींचा नवा गोंधळ ओढवून घेतो. पहिल्या बिल्डला वेळ द्यावा. दुसऱ्यांदा तेच काम पुष्कळ लवकर होते.

संगणकाची गरज स्पष्टच सांगतो. स्टुडिओसाठी ८ जीबी रॅम ही किमान अपेक्षा आहे आणि सोबत एम्युलेटर चालवायचा तर १६ जीबी असावी. डिस्कवर स्टुडिओ, एसडीके आणि एक-दोन आभासी फोन मिळून १६ जीबी सहज भरतात, आणखी मोकळी जागा असलेली बरी. हे सगळे मोबाइल डेटावर उतरवणे महागात पडते. शक्य असेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा पक्के वायफाय असलेल्या जागी एकदाच उतरवून घ्यावे.

ज्यांच्याकडे ८ जीबी रॅमच आहे त्यांनी निराश होऊ नये. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती कमी प्रतीची अजिबात नाही. स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबर या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर ऑप्शन्सचे दालन उघडते. तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करावे, केबलने फोन संगणकाला जोडावा, आणि अ‍ॅप थेट त्या फोनवर चालवावे. अँड्रॉइड ११ पासून ही जोडणी वायफायवरूनही होते. मोठ्या कंपन्यांत काम करणारेही दिवसातला बराच वेळ खऱ्या फोनवरच तपासणी करतात.

एम्युलेटर सुरूच होत नाही किंवा मुंगीच्या पावलांनी चालतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण समजले की उपाय सोपा आहे. फोनमधले प्रोसेसर बहुतांशी आर्म जातीचे, तर आपल्या बहुतेक लॅपटॉपमधले एक्स८६ जातीचे. एका जातीची प्रत्येक आज्ञा दुसरीत उलगडत बसणे हे संथ काम आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत एम्युलेटर कुप्रसिद्ध झाला तो याच संथपणामुळे. पुढे एक्स८६ साठीच बांधलेली अँड्रॉइडची प्रत मिळू लागली. शिवाय प्रोसेसरमध्येच असलेल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीचा आधार घेऊन आभासी फोन जवळजवळ संगणकाच्या मूळ वेगाने चालू लागला. इंटेल या सोयीला व्हीटी-एक्स म्हणते, एएमडी एएमडी-व्ही म्हणते. पुष्कळ लॅपटॉपवर ही सोय असते पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात सीपीयू निवडला की ती सुरू आहे की बंद, हे एका ओळीत लिहिलेले दिसते. बंद असेल तर बायोसमध्ये जाऊन सुरू करावी. इथे एक सावधगिरी हवी. जुने व्हिडिओ आणि जुने धडे इंटेलचे हॅक्सम नावाचे सॉफ्टवेअर बसवायला सांगतात. ते २०२३ मध्ये बंद झाले. आता विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर किंवा गूगलचा स्वतःचा ड्रायव्हर, आणि लिनक्सवर केव्हीएम हे काम करतात. या क्षेत्रात कोणताही धडा उघडला की आधी त्याची तारीख पाहावी.

आयफोनविषयी थोडक्यात. त्यासाठी अ‍ॅपलचे एक्सकोड लागते आणि ते फक्त मॅकवर चालते. त्याच्यासोबत मिळतो तो सिम्युलेटर. तो फोनच्या प्रोसेसरची नक्कल करत नाही, अ‍ॅप मॅकसाठी बांधून फोनसारख्या चौकटीत चालवतो. म्हणून तो झपाझप चालतो, आणि म्हणूनच तो प्रत्यक्ष फोनपासून थोडा लांबही राहतो. आपल्या भागातले बहुतेक शिकणारे अँड्रॉइडपासून सुरुवात करतात आणि हे पुस्तकही तिथूनच सुरू होते.

इथवर तयारी झाली. या विषयाचा खरा आनंद यापुढे आहे, आणि मराठी वाचकाने त्यात विशेष लक्ष घालावे असे मला वाटते, कारण आपल्या भाषेची तपासणी आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही. मराठी ही फोनची भाषा म्हणून अँड्रॉइडमध्ये आली ती २०१४ सालच्या ५.० या आवृत्तीत. तेव्हापासून मराठीत फोन वापरणारा माणूस आहे, पण मराठीत अ‍ॅप तपासणारा प्रोग्रॅमर मात्र विरळा. एम्युलेटरमधल्या फोनची भाषा मराठी करून कोणतेही साधे अ‍ॅप चालवून पाहा. पहिली गोष्ट दिसेल ती अंकांची. हिंदी निवडली तर अँड्रॉइड सहसा इंग्रजी अंकच ठेवतो. मराठी निवडली की तो देवनागरी अंक वापरतो. वाचायला किती बरे वाटते! पण समजा शेतकऱ्याने क्षेत्र भरले पाऊण हेक्टरहून थोडे जास्त, आणि प्रोग्रॅमने दोन दशांश स्थळांपर्यंत त्याचा मजकूर बनवला. फोन मराठीत असल्यामुळे तो मजकूर ‘०.८०’ असा देवनागरीत तयार होतो. हाच मजकूर सर्व्हरकडे गेला, किंवा प्रोग्रॅमने त्याचे पुन्हा दशांश संख्येत रूपांतर करायचे ठरवले, तर तिथे इंग्रजी अंकांची अपेक्षा असते, म्हणून नोंद नाकारली जाते किंवा अ‍ॅप जागच्या जागी बंद पडते. इंग्रजी फोनवर हा दोष जन्मात सापडणार नाही. ज्या माणसाने आपल्या भाषेचा मान राखून फोन मराठीत ठेवला, नेमका त्यालाच त्याचा फटका बसतो. उपाय एका शब्दाचा आहे. माणसाला दाखवायचा मजकूर त्याच्या भाषेत घडवावा आणि यंत्राला पाठवायचा मजकूर घडवताना लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, रूट आहे असे स्पष्ट सांगावे. पण दोष दिसल्याशिवाय उपाय सुचत नाही, आणि तो दाखवण्याचे काम एम्युलेटर दोन मिनिटांत करतो.

दुसरी गोष्ट आपल्या वैदर्भीयांच्या जिव्हाळ्याची. ‘वऱ्हाड’ हा शब्द टाइप करताना त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलंत जोडणे. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यानंतर जोडणी सांगणारे एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. अ‍ॅपच्या शोधपेटीत एका कळफलकाने लिहिलेले ‘वऱ्हाड’ दुसऱ्या कळफलकाने लिहिलेल्या ‘वर्‍हाड’ला सापडत नाही. रनाळा आणि गुमथळा या गावांच्या नावांतल्या ळ चीही अशीच काळजी घ्यावी लागते, कारण हिंदीसाठी बनलेल्या याद्यांत तिथे ल बसलेला आढळतो. मग फोनमधली अक्षरे मोठी करून पाहा, जशी आपल्या घरातली वडीलधारी माणसे ठेवतात. इंग्रजी मापाने आखलेल्या बटणांत वरची मात्रा आणि खालचा उकार कापले जाताना दिसतील.

कामठीसाठी अ‍ॅप करणाऱ्याला उर्दूही विसरता येणार नाही. उत्तरेकडून येऊन इथे स्थिरावलेल्या विणकर कुटुंबांची ती भाषा, आणि ती उजवीकडून डावीकडे वाहते. अँड्रॉइडने २०१२ सालच्या ४.२ या आवृत्तीपासून अशा लिपींसाठी सगळा पडदा उलट मांडण्याची सोय केली आहे. अट एवढीच, की लिहिणाऱ्याने ‘डावी बाजू, उजवी बाजू’ असे न सांगता ‘सुरुवातीची बाजू, शेवटची बाजू’ असे सांगायला हवे. एम्युलेटरच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये मांडणी सक्तीने उलटी करण्याचे बटण आहे. उर्दूचे एक अक्षर येत नसलेल्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे आपले अ‍ॅप उर्दू वाचकाला कसे दिसेल ते पाहता येते. एकाच गल्लीत तीन लिपी वाचल्या जातात असे गाव अ‍ॅप तपासण्यासाठी फार मोलाचे आहे. हे भाग्य मोठ्या शहरातल्या चकचकीत कार्यालयांना सहसा लाभत नाही.

भाषेनंतर जागा आणि जाळे. एम्युलेटरच्या कडेला एक्स्टेंडेड कंट्रोल्स नावाचे दालन असते. त्यात अक्षांश २१.२ आणि रेखांश ७९.२ च्या आसपासचा बिंदू भरला की टेबलावरचा फोन स्वतःला कामठीत समजू लागतो. तो बिंदू हळूहळू कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांच्या बीना संगमाकडे सरकवता येतो. ई-पीक पाहणीच्या २०२२ मधल्या दुसऱ्या आवृत्तीने गटाच्या मध्यबिंदूपासून शेतकरी किती दूर उभा आहे हे पाहायला सुरुवात केली. असे काही लिहायचे असेल तर शेताच्या आत, बांधावर आणि शेजाऱ्याच्या वावरात अशा तिन्ही ठिकाणी उभे राहून पाहावे लागते. एम्युलेटरवर ते बसल्या जागी होते. त्याच दालनात नेटवर्क जुन्या एज (EDGE) जाळ्याच्या वेगापर्यंत मंद करता येते, पार तोडता येते, बॅटरी पाच टक्क्यांवर आणता येते, नोंद भरता भरता खोटा फोन वाजवता येतो. कॅमेऱ्यासमोर एक आभासी खोली असते आणि तिच्या भिंतीवर तुमच्याजवळचे तुरीच्या पिकाचे छायाचित्रही लावता येते.

तरीही एम्युलेटरवर सगळा भरवसा टाकू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, हे एम्युलेटरला ठाऊक नसते. उन्हात पडदा दिसत नाही, विड्या वळून किंवा निंदण करून खरखरीत झालेले बोट बारीक बटणावर नीट बसत नाही, स्वस्त फोनच्या कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी कामे परस्पर मारून टाकतात. यातले काहीही टेबलावर दिसत नाही. अ‍ॅप एम्युलेटरवर दहा वेळा नीट चालले की मगच बाहेर न्यावे, आणि बाहेर नेल्याशिवाय ते पुरे झाले असे मानू नये. या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक आहेत.

हे पुस्तक कोणासाठी, असे कोणी विचारील. जो दिवसभर दुसरे काम करून रात्री संगणकापुढे बसतो, तो माझ्या डोळ्यांसमोर पहिला आहे. अशा शिकणाऱ्यांची कामठीला ओळख आहे. विडी कामगारांसाठी झटलेल्या आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणाऱ्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९२७ च्या सुमारास याच गावात रात्रशाळा सुरू केली होती. थकलेल्या माणसाला शिकवायचे तर पाठ छोटा हवा आणि कुठे थांबायचे ते स्पष्ट हवे, हे लक्षात ठेवून पुढची प्रकरणे बेतली आहेत.

वाचण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द. प्रकरणे क्रमाने वाचावीत, पण भाषेच्या तपासणीचे प्रकरण कोणी आधी उघडले तरी चालेल, मला तर आवडेल. लाल अक्षरांतला लांब संदेश आला की तो वरून न वाचता ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी सुरू होणारी शेवटची ओळ आधी शोधावी. खरे कारण बहुधा तिथे असते. ती ओळ, तो दिवस आणि सापडलेला उपाय एका वहीत लिहून ठेवावा. स्टुडिओ, ग्रेडल आणि एसडीके यांच्या आवृत्त्याही त्याच वहीत हव्यात. काम अर्ध्यात असताना स्टुडिओने नवी आवृत्ती घेण्याचा आग्रह धरला तर तो नम्रपणे टाळावा, काम संपल्यावर घ्यावी. अडचण आली तर शेजारच्याला विचारायला संकोच करू नये, आणि शेजारच्याने विचारले तर वही त्याच्यापुढे उघडी करावी.

पहिले प्रकरण सुरू करण्याआधी वाचकांनी एवढे करावे. डिस्कवर २० जीबी जागा मोकळी करावी, टास्क मॅनेजरमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असल्याची खात्री करावी, आणि स्टुडिओ उतरवायला लावावा. तो उतरेपर्यंत पहिले प्रकरण वाचून होते. त्यातला पहिला अभ्यास आभासी फोन तयार करण्याचा आहे. त्याची भाषा मराठीच ठेवा.